रंगारीपुऱ्यातला ऐतिहासिक ओटा

गुलाबरावजींच्या एका गालावर साबण होता, दुसरा गाल मोकळा झाला होता, आणि त्यांच्या दोन पायांच्या मधून माझी चुन्याची रेघ गेली होती.

"हे काय होय जी?" त्यांनी मान न हलवता विचारलं.

"नालीची लाइन आहे."

"ओट्यावरून?"

"ओट्यातून," मी म्हणालो. "ओटा निघणार."

सीताराम न्हाव्याचा वस्तरा थांबला. तो दाढी करताना बोलायचा थांबला, असं मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

"काऊन?" एवढंच त्यानं विचारलं.

मी नगरपालिकेत ओव्हरसियर आहे. वर्धा जिल्ह्यातलं एक जुनं गाव, एवढं सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण नोकरी अजून चालू आहे आणि मुलीचं लग्न व्हायचं आहे. ओव्हरसियर म्हणजे इंजिनिअरनं सावलीत ठरवलेलं उन्हात उभं राहून करून घेणारा माणूस. रंगारीपुऱ्यातले लोक मला 'ओशेरसाहेब' म्हणत. ही हकिकत घडली तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता. ऑफिसात कागद इंग्रजीत लिहीत, शिव्या हिंदीत देत, आणि काम का राहिलं याचं कारण मराठीत सांगत.

रंगारीपुरा हा गावातला सगळ्यात जुना मोहल्ला. कापड रंगवणारे केव्हाच उठून गेले होते. आता तिथे मास्तर होते, कचेरीतले कारकून होते, दोन वकील होते, घोड्याबैलांना नाल मारणारे कासमभाई होते. आणि सगळ्या घरांचं सांडपाणी गल्लीच्या मधोमध वाहत होतं. तिथे पक्की नाली बांधायची मंजुरी आली. नालीचं पहिलं काम म्हणजे अलाइनमेंट, म्हणजे पाणी कोणत्या रेघेनं जाणार ते ठरवणं. रेघ सरळ असेल तर पाणी वेगात जातं आणि गाळ सोबत नेतं. वळण, आमच्या भाषेत बेंड, आलं की पाणी दम खातं आणि गाळ तिथेच ठेवून पुढे जातं. म्हणून शक्यतो सरळ रेघ. नकाशावर सरळ पट्टी ठेवून मारलेली ती रेघ बरोबर ओट्यावर आली.

ओटा कुणी बांधला, कुणाला ठाऊक नव्हतं. काळ्या दगडाचा, गुडघाभर उंच, दोन माणसं आडवी होतील एवढा. मागे कडुनिंब, निंबाच्या मागे थोडी मोकळी जागा. ओट्यावर सीताराम बसायचा, त्याच्या आधी त्याचा बाप बसायचा. सकाळी मोहल्ल्यातले पुरुष तिथे एकेक करून यायचे. दाढी हे निमित्त. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची बदली झाली, कुणाचा जावई रुसला, हे ओट्यावर कळायचं. लग्नाचं बोलावणं सीताराम घरोघर फिरवायचा. कुणी वारलं तर पहिला निरोप ओट्यावर यायचा आणि दाढ्या अर्धवट सोडून लोक उठायचे. सीताराम फार चांगला न्हावी होता असं म्हणता येणार नाही. त्याचा हात हळू चालायचा आणि तोंड भरभर. हनुवटीवर तो बहुतेक सगळ्यांना कापायचा, मलाही. पण आरशाचं सलून स्टेशनकडे निघालं तरी रंगारीपुऱ्यातलं कुणी तिकडे गेलं नाही. तिथे फक्त दाढी व्हायची.

मी ऑफिसात सेक्रेटरीसाहेबांकडे गेलो. सेक्रेटरीसाहेब म्हणजे पालिकेचा कारभार चालवणारे पगारी अधिकारी. मी म्हणालो, "साहेब, दोन लहान बेंड दिले तर नाली ओट्याच्या मागून नेता येईल. ओटा वाचेल."

"ओटा कुणाच्या मालकीचा?"

"कुणाच्याच नाही."

"म्हणजे एनक्रोचमेंट." एनक्रोचमेंट म्हणजे सरकारी जागेवर केलेलं अतिक्रमण. हा शब्द उच्चारला की आमच्या ऑफिसात चर्चा संपते.

"पण साहेब, तिथे न्हावी बसतो. सगळा मोहल्ला..."

"अहो, न्हाव्यासाठी नाली वाकवली असं मी वर कोणत्या तोंडानं सांगू?" ते खरं तर सज्जन होते. माझा चेहरा पाहून म्हणाले, "एखादी समाधी असती, देऊळ असतं, काही ऐतिहासिक असतं, तर प्रेसिडेंटसाहेबांपुढे ठेवलं असतं. तुम्हीच सांगा, काय आहे तिथे?"

तिथे काही नव्हतं. मी तसंच सांगून बाहेर पडलो असतो आणि गप्प राहिलो असतो, तर आज हे लिहावं लागलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी ओट्यावर दाढीला बसल्यावर मी ते वाक्य घाटे मास्तरांना सांगितलं. सहानुभूती म्हणून सांगितलं. "काही ऐतिहासिक असतं तर जमलं असतं म्हणे."

घाटे मास्तर पेन्शनर. शाळेत इतिहास शिकवायचे. ते पाळीची वाट पाहत पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी केली.

"ऐतिहासिक?" ते म्हणाले. "मग अडचण काय आहे?"

आमच्या जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना हे समजायला थोडं कठीण जाईल. आमच्याकडे त्या काळात थोर माणसं इतकी येऊन गेली होती, की ज्या भिंतीला कुणी टेकून बसलं नाही अशी भिंत सापडणं मुश्किल. एका गावात झाड होतं, एका गावात विहीर होती, एका ठिकाणी नुसता पाट होता आणि त्याला हळदकुंकू लागत होतं. आमचं गाव मात्र कोरडं राहिलं होतं. ही सल होतीच. मी तिच्यावर नेमकं बोट ठेवलं, आणि तेही तोंडाला साबण लावून.

आठवडाभरात मोहल्ल्याला आठवलं. एक थोर पुढारी मोटारीनं स्टेशनकडे जात होते. (त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांचा यात काहीच दोष नाही.) रंगारीपुऱ्यात मोटार पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत ते या ओट्यावर बसले.

"मोटार मुख्य रस्ता सोडून गल्लीत कशाला आली?" मी विचारलं. मी अजून ओव्हरसियरसारखा विचार करत होतो.

"शॉर्टकट," मास्तर म्हणाले.

पंक्चर कशानं झालं, यावर वाद झाला. कासमभाईंनी तो मिटवला. "खिळा अपनेच दुकानका था," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. "अब्बा नाल मारून राह्यले होते. खिळा उडाला, सडकेवर गेला. अब्बा जिंदगीभर बोलत होते, माझ्या खिळ्यानं एवढा मोठा माणूस थांबला."

"तुमचे अब्बा कधी बोलले हे?" गुलाबरावजींनी विचारलं.

"तुम्ही कधी पूछा क्या?"

साक्षीदार म्हणून उरला सीताराम. तो रोज तिथेच बसणारा. घाटे मास्तरांनी माझ्यासमोर त्याला विचारलं, "सीताराम, तुला आठवत असेलच."

"नाई जी," सीताराम म्हणाला. "कोनी नाई आलं."

"नीट आठव."

"मी तं रोज अथीच बसून राह्यलो मास्तर. मोटार आली असती तं मले दिसली नसती काय? एवढी मोठी मोटार!"

"तू दुपारी जेवायला घरी जातोस की नाही?"

"जातो जी."

"मग तेव्हा आले असतील."

सीताराम गोंधळला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सरकारी माणूस, मी खरं काय ते सांगीन असं त्याला वाटलं असावं. मी म्हणालो, "सीतारामजी, हे तुमच्याच ओट्यासाठी चाललंय. तुम्ही काही खोटं बोलू नका. नुसते गप्प राहा."

मला वाटलं, मी फार सभ्य मार्ग काढला. तो गप्प राहिला. समितीनं त्याच्या गप्प राहण्याला 'प्रत्यक्षदर्शीची विनम्रता' असं नाव दिलं. हो, समिती झाली होती. ओटा स्मृती समिती. गुलाबरावजी वॉर्डाचे मेंबर, म्हणून तेच अध्यक्ष. घाटे मास्तर चिटणीस. बैठका ओट्यावरच होत, दाढी करताकरता.

पावसाळ्यापुरतं काम थांबलं. चुन्याची रेघ धुऊन गेली, पण आठवणी मात्र उगवत राहिल्या. दुसऱ्या मोहल्ल्यातले लोक मुद्दाम ओटा पाहायला येऊ लागले. येणारा सीतारामलाच विचारायचा, "कसे होते जी ते? बोलले काय तुमच्याशी?" आयुष्यभर सीतारामनं दुसऱ्यांच्या बातम्या सांगितल्या होत्या. आता लोक त्याची बातमी विचारत होते. पोळ्याच्या सुमारास त्यालाही थोडं आठवू लागलं.

आधी नुसती मोटार आठवली. मग मोटारीचा रंग. गणपती बसेपर्यंत पुढाऱ्यांना तहान लागली होती. दसऱ्याला मी दाढीला गेलो तेव्हा तो एका परक्या माणसाला सांगत होता, "...मंग मी ह्या तांब्यानं पानी देल्लं. अस्सं तोंड वर करून पेले. म्हने, सीताराम, तुमच्या गावचं पानी गोड आहे."

तो परका माणूस गेल्यावर मी हळूच विचारलं, "सीतारामजी, हे कधी झालं?"

"कोनतं?"

"पाणी."

त्यानं वस्तरा पट्ट्यावर घासला. "ओशेरसाहेब, तुमीच म्हनलं ना गप्प राहा म्हनून? किती दिवस गप्प राहू? लोक इचारते, मी उगामुगा बसतो, तं पागल दिसतो ना मी!"

मी त्याच्या तांब्याकडे पाहिलं. तांब्याही खरोखर जुना होता. पितळेचा, बुडाला पोचा आलेला. त्याच्या बापाचा. दाढीचं पाणी तो त्याच तांब्यात ठेवायचा.

दिवाळीनंतर प्रेसिडेंटसाहेब आले. प्रेसिडेंट म्हणजे पालिकेचे निवडून आलेले अध्यक्ष. त्यांची कापसाची जिनिंग फॅक्टरी होती, आणि पुढची निवडणूक जवळ होती. सोबत सेक्रेटरीसाहेब, मी, माझा मोजायचा टेप. प्रेसिडेंटसाहेबांनी ओट्यापुढे चपला काढल्या. ते पाहून सगळ्यांनी काढल्या. मी बूट घातले होते. नाड्या सोडायला मला वेळ लागला.

"इसी पत्थर पर?" त्यांनी विचारलं.

"याच," घाटे मास्तर म्हणाले.

"आणि हा तांब्या?"

सीतारामनं तांब्या दोन्ही हातांनी पुढे केला. प्रेसिडेंटसाहेबांनी तो कपाळाला लावला. त्यातलं साबणाचं पाणी थोडं त्यांच्या टोपीवर सांडलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"नाली वाकवा," ते म्हणाले. "कोणाची हिंमत आहे या दगडाले हात लावायची?"

टाळ्या झाल्या. मी सीतारामकडे पाहून हसलो. तोही हसला. ओटा वाचला होता. मी एवढा खूश झालो की पुढचं वाक्य मला नीट ऐकू आलं नाही. सेक्रेटरीसाहेबांनी मला कोपरानं ढोसलं.

"अहो, लिहून घ्या."

"काय?"

"साहेब काय म्हणतायत ते."

साहेब म्हणत होते, "आन् हे काय चालते इथं? एवढ्या पवित्र जागेवर हजामत? केस पडून राह्यले सगळीकडे! बंद करा आजपासून. चारी बाजूनं कठडा लावा. लोखंडी. वर संगमरवरी पाटी. हा तांब्या ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवा, नाहीतर चोरी जाईल."

"साहेब," मी म्हणालो, "मग सीताराम..."

"त्याचा तर सत्कार करू ना आपण!"

सीतारामचे हात अजून पुढेच होते. तांब्या गेला होता.

कठड्याचं एस्टिमेट मीच केलं. एस्टिमेट म्हणजे कामाला किती माल आणि मजुरी लागेल याचा अंदाज. ते कागदावर मांडताना मला जे दिसलं, ते आधीच दिसायला हवं होतं. सरळ नालीत फक्त ओटा गेला असता. निंब राहिला असता, त्याच्या मागची मोकळी जागा राहिली असती. आता ओटा राहिला, नाली माझ्या दोन बेंडांनी त्या मागच्या जागेतून गेली, आणि निंब कठड्याच्या आत आला. रंगारीपुऱ्यात माणसाला बूड टेकायला सावली म्हणून उरली नाही. सगळं काम माझ्या ड्रॉइंगप्रमाणे झालं. इंजिनिअरसाहेबांनी पहिल्यांदाच माझं कौतुक केलं.

मी समितीकडे गेलो. घाटे मास्तर घरीच होते. दाढी वाढली होती.

"मास्तर, आपण ओटा वाचवला तो सीतारामसाठी."

"अर्थात."

"मग त्याला निदान सकाळी तासभर आत बसू द्या, असा अर्ज करू."

मास्तर अस्वस्थ झाले. "आता कसं म्हणणार? ज्या ठिकाणी ते बसले..."

"मास्तर, ते बसले नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे."

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या देवघरात बूट घालून शिरलो होतो. "ओव्हरसियर," ते म्हणाले, "तुम्ही बाहेरचे. तुम्हाला या मोहल्ल्याचा इतिहास माहीत नाही."

आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत होतं.

संक्रांतीनंतर उद्घाटन झालं. मांडव पडला. पाहुणे म्हणून एक वृद्ध गृहस्थ आणले होते. ते त्या थोर पुढाऱ्यांच्या सोबत पुष्कळ वर्षं राहिलेले. त्यांना मोटारीतून उतरवून आणायचं काम माझ्याकडे होतं. गल्लीच्या तोंडाशी ते थबकले, इकडेतिकडे पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "आम्ही इकडून कधी गेल्याचं स्मरत नाही हो. मी तर कायम बरोबर असे."

वाटलं, आता हे बोलतील, आणि सगळं एकदाचं सुटेल. मला भीती वाटली आणि बरंही वाटलं.

त्यांना हार घातला. ते बोलायला उभे राहिले. समोर सगळा मोहल्ला, बायका गच्च्यांवर. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "तो दिवस मला आजही जसाच्या तसा आठवतो," ते म्हणाले.

मग सीतारामचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. धोतर धुऊन, दाढी करून आला होता. ती त्यानं कुठे बसून केली कुणास ठाऊक. प्रेसिडेंटसाहेब म्हणाले, "प्रत्यक्षदर्शी सीतारामजी दोन शब्द बोलतील."

सीताराम माइकपुढे उभा राहिला. कठड्याच्या आत पाटी चकाकत होती. तिच्यावर लाल अक्षरांत खाली लिहिलं होतं, 'बसण्यास सक्त मनाई'. सीतारामला वाचता येत नव्हतं. त्यानं हात जोडले.

"तांब्या नेला, ते ठीक झालं," तो म्हणाला. "शाल देल्ली, तेही ठीक. पन मले एक सांगा बाप्पा. उद्या सकाळी मी बसू कुठं?"

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. गच्चीवरच्या एका बाईनं डोळ्यांना पदर लावला. पाहुण्यांनी उठून सीतारामला मिठी मारली. "केवढी ही भक्ती!" ते माइकवरून म्हणाले. "त्यांच्या चरणांची जागा गेली, तर आपण बसावं कुठे, असं विचारतो हा भोळा भक्त!"

सीताराम त्यांच्या मिठीतून माझ्याकडे पाहत होता. मीही टाळ्या वाजवत होतो. सगळे वाजवत होते. हात आपोआप चालले.

त्यानंतर तो घरोघर फिरून दाढ्या करू लागला. धोकटी काखेत, पाणी ज्याच्या त्याच्या घरचं. वय झालेलं, गुडघे दुखायचे. चार घरं केली की दिवस संपायचा. बाकीचे हळूहळू स्टेशनकडच्या सलूनमध्ये जाऊ लागले. गुलाबरावजी आधी, घाटे मास्तर सगळ्यात शेवटी. मोहल्ल्यातल्या बातम्या आता कुणालाच कळत नव्हत्या. कासमभाईंची बायको वारली तेव्हा समोरच्या वकिलांना दुसऱ्या दिवशी कळलं, आणि ते कोर्टात जाताजाता रस्त्यावरच हात जोडून गेले. पण वर्षातून एकदा ओट्याला रंग देतात आणि भाषणं होतात. त्यात मोहल्ल्याच्या एकोप्याचा उल्लेख असतो.

बेंडांमध्ये गाळ बसतोच. तो काढण्याचं काम माझ्याकडे आहे.

मी सीतारामला बाजारात ओटा मिळवून द्यायचा प्रयत्न केला. सेक्रेटरीसाहेब लगेच तयार झाले. सीताराम एकदा जाऊन पाहून आला. "ओळखीचं एक तोंड नाई तिथं," म्हणाला, आणि विषय संपवला. माझ्याकडे तो रविवारी येत असे. एका रविवारी मी खुर्चीत मान मागे टाकली आणि म्हणालो, "सीतारामजी, माझं चुकलं."

"हलू नका," तो म्हणाला. मग वस्तरा पुसून, "तुमचं एकट्याचं काऊन? मलेही मस्त वाटून राह्यलं होतं ना. लोक येत होते, इचारत होते." आणि हनुवटीवर कापलंच.

त्यानंतर मी पुष्कळ नाल्या बांधल्या, रस्ते रुंद केले. रेघेत ओटे येतात, पार येतात, कुणाची भाजीची टोपली येते. नकाशाच्या बाजूला शेरा लिहायची जागा असते. तिथे मी आता थोर, प्राचीन, पवित्र असं काही लिहीत नाही, आणि कुणी सांगायला आलं तर ऐकूनही घेत नाही. 'जागा वापरात आहे' एवढंच लिहितो. ते बहुतेक वेळा नामंजूर होतं. मग ओटा पडतो, आणि दुसऱ्या दिवशी तिथे बसणारा माणूस शेजारी पोतं टाकून बसतो.